उपनगरातील कमावत्या स्त्रिया आणि त्यांचे व्यवसाय

(डोंबिवली येथे ज्ञातीच्या महिला शाखेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हांस विषय नेमून दिला तो ‘उपनगरातील नोकरदार स्त्रिया’ असा. विषय मोठा आहे, वेळ थोडा आहे, आणि आतल्या दालनात पाने मांडली जात असल्याचा आवाज आपणां सर्वांच्या कानी येत आहे. तेव्हा प्रास्ताविकात न रमता आम्ही थेट मुद्द्यास हात घालतो.

यंदा आपल्या सभासद-सूचीचे नवे मुद्रण व्हावयाचे आहे. त्यासाठी जुनी सूची चाळीत असता एक गोष्ट सहज नजरेत भरते. पुरुषांच्या नावापुढे व्यवसायाच्या रकान्यात ‘शिवणकाम, स्वतःचे दुकान’, ‘रेल्वे, मेकॅनिक’, ‘विमा कंपनीत हिशेबनीस’, ‘औषधविक्रेते’ असा खुलासेवार तपशील आहे. स्त्रियांच्या नावापुढे मात्र दोनच शब्द आलटून पालटून येतात. एक ‘नोकरी’ आणि दुसरा ‘गृहिणी’. जणू पुरुष व्यवसाय करतो आणि स्त्री केवळ ‘नोकरी’ नावाच्या एखाद्या गावाला जाऊन येते! परिचारिका, शिक्षिका, संगणकाच्या कंपनीतील अभियंता आणि कारखान्यातील बांधणी-कामगार या चौघींच्या कामांत काय साम्य आहे? परंतु सूचीत चौघी एका शब्दात बसविल्या गेल्या. आणि ‘गृहिणी’ या शब्दाखाली काय काय झाकले गेले आहे, ते तर आम्ही पुढे सांगणारच आहो.

आपण शिंप्यांच्या घरची माणसे. म्हणून पहिले उदाहरण घरचेच घेऊ. दुकानाच्या पाटीवर नाव कोणाचे? मालकाचे. परंतु काज-बटण कोणी केले? तुरपाई कोणी केली? गणपती-दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत कंदिलाशी, पुढे विजेच्या दिव्याखाली, हुक आणि आय टाचीत कोण बसले? मापे घेणे आणि बेतणे हे दुकानात होई. शेवटचा हात घरात फिरे. त्या हाताला मजुरी नव्हती, आणि मजुरी नव्हती म्हणून त्यास व्यवसाय म्हणण्याची कोणास आवश्यकता वाटली नाही. आपल्या आज्या-पणज्यांविषयी ‘त्या काही करीत नसत’ असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा आम्हांस हसू येते आणि थोडा रागही येतो.

आता घराबाहेर पडू. डोंबिवलीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे अठ्ठेचाळीस किलोमीटर. हे गाव वाढले ते मुख्यतः लोहमार्गावर. गिरगाव-दादर-परळच्या चाळीतील एका खोलीत ज्यांचा संसार मावेना, ते मध्यमवर्गीय इकडे आले, आणि इकडे आलेल्या कुटुंबास जागेच्या हप्त्यासाठी दुसरा पगार लागू लागला. स्त्रीस नोकरी करू द्यावी की न द्यावी यावर वक्तृत्वस्पर्धा पुष्कळ झाल्या. खरा निकाल मात्र घराच्या हप्त्याने दिला, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या स्त्रिया प्रथम कोणत्या कामांस गेल्या? शिक्षिकेचे काम सर्वांत आधी आणि सर्वांत सुखाने मान्य झाले. त्याची पूर्वतयारी फार जुनी होती. पुण्यास रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये सेवासदन निघाले, १९१६ मध्ये महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. या व अशा संस्थांतून शिकलेल्या स्त्रियांनी शाळा भरल्या. बालशिक्षणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून कोसबाड येथे जे काम केले, त्यामुळे बालवाडीची शिक्षिका हाही प्रतिष्ठेचा व्यवसाय होऊ शकतो हे महाराष्ट्रास कळले. शिक्षिकेच्या नोकरीस घरचे लोक राजी होत याचे आणखी एक कारण होते, ते म्हणजे मुलांच्या सुट्ट्या आणि आईच्या सुट्ट्या एकाच वेळी येत. हे कारण बोलून दाखविले जात नसे, एवढेच.

परिचारिकेच्या वाट्यास हे सुख आले नाही. रात्रपाळी, परक्या पुरुषांची शुश्रूषा, रक्त आणि मलमूत्र, ही कारणे पुढे करून कित्येक घरांनी मुलीस या शिक्षणापासून परावृत्त केले. तीच मंडळी घरचे कोणी रुग्णालयात पडले म्हणजे ‘सिस्टर, जरा बघा हो’ म्हणून हात जोडीत उभी राहतात. परिचारिकेचे काम तीन पाळ्यांत चालते. उपनगरात राहून मुंबईच्या रुग्णालयात रात्रपाळी करणारी स्त्री सायंकाळच्या गर्दीस उलटी छेदून मुंबईकडे जाते आणि सकाळी, साऱ्या डोंबिवलीचे तोंड मुंबईकडे असता, ती एकटी घराकडे तोंड करून येते. घरी आल्यावर दूधवाला, इस्त्रीवाला आणि दारावरील विक्रेते यांच्या हाकांत तिला झोप घ्यावयाची असते. २०२० सालच्या साथीत सर्वसामान्य प्रवाशांस लोकल बंद होती आणि अत्यावश्यक सेवेतील लोकांस तेवढी मुभा होती. त्या रिकाम्या डब्यांतून ज्या स्त्रिया जात होत्या, त्यांत या परिचारिका होत्या, रुग्णालयातील आया होत्या, सफाई-कामगार होत्या. त्या दिवसांत आपण सज्जांत उभे राहून टाळ्या वाजविल्या. वधू-वर मेळाव्यात मात्र ‘मुलगी नर्स आहे’ म्हटल्यावर समोरची मंडळी अजूनही क्षणभर थांबतात, हे या व्यासपीठावरून बोलणे आम्हांस आवश्यक वाटते.

तिसरा वर्ग कचेरीतील स्त्रियांचा. टायपिंगचा वर्ग ही एके काळी प्रत्येक उपनगराच्या स्थानकालगतची संस्था होती. मिनिटास चाळीस शब्दांची परीक्षा दिली की नोकरीचे अर्धे दार उघडे. दूरध्वनी केंद्रातील ऑपरेटर ही अशीच एक नोकरी. ‘ट्रंक कॉल’ जोडून देणारा तो आवाज स्त्रीचा असे. थेट क्रमांक फिरविण्याची सोय पसरली आणि तो व्यवसाय हळूहळू नाहीसा झाला. टंकलेखिकेचे यंत्रही गेले. विमा व बँका यांनी मात्र मोठा आधार दिला. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, शाखा गावोगाव निघाल्या, आणि परीक्षा देऊन, कोणाची चिठ्ठी न आणता, मध्यमवर्गीय मुलीस कायमची नोकरी मिळू लागली. निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि घरासाठी कमी व्याजाचे कर्ज यांमुळे बँकेतील सुनेचे सासरी वजन वाढले, हे कोण नाकारील?

कारखान्यातील स्त्रियांविषयी आपल्या मध्यमवर्गात बोलले जात नाही. म्हणून त्याविषयी थोडे अधिक सांगतो. ठाणे, मुलुंड, भांडुप, कुर्ला, अंधेरी या पट्ट्यांत औषधांचे, बिस्किटांचे, विजेच्या उपकरणांचे कारखाने उभे राहिले. त्यांच्या बांधणीखात्यात, म्हणजे पॅकिंगमध्ये, मुली घेतल्या जात. काम बारीक, हात चपळ हवेत, आणि मुलींचे हात चपळ असतात असे मालकांचे म्हणणे. परंतु कित्येक ठिकाणी एक नियम असे. मुलीने लग्न केले की नोकरी संपली. राजीनामा लिहून घेतलाच म्हणा ना. औषधांच्या अशा एका कारखान्यातील कामगार संघटनेने त्याविरुद्ध तंटा नेला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कंपनीचे म्हणणे असे की, हे काम गटाने करावयाचे असते, लग्न झालेल्या स्त्रिया वारंवार गैरहजर राहतात, आणि एकीच्या गैरहजेरीने सारा गट खोळंबतो. न्यायालयाने १९६५ मध्ये हे म्हणणे फेटाळले. विधवेस अथवा अविवाहितेस घरची जबाबदारी नसते काय? आणि बाळंतपणाच्या रजेचा प्रश्न असेल तर राखीव माणसे ठेवून तो सुटतो. असा साधा विचार न्यायालयाने पुढे ठेवून तो नियम काढून टाकण्यास सांगितले. पुढे १९८१ मध्ये हवाई सुंदरींच्या खटल्यात पहिल्या गरोदरपणीच नोकरी संपविणारा नियमही सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला.

आमच्या पिढीच्या मुलींना हे ऐकून आश्चर्य वाटते. लग्न केले म्हणून नोकरी जावी? परंतु विचार करा. लेखी नियम गेला, तोंडी नियम गेला काय? मुलाखतीत ‘लग्न कधी करणार’, ‘मुले लहान आहेत काय’ हे प्रश्न मुलीसच का पडतात? प्रसूतिलाभाचा कायदा १९६१ मध्ये झाला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. पन्नास वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय करणेही बंधनकारक झाले. या सुधारणेचे आम्ही स्वागत करतो. परंतु रजेच्या पगाराचा भार एकट्या मालकावर पडत असल्यामुळे लहान कचेऱ्यांतील मालक तरुण मुलीस घेताना बोटे मोजतो, ही वस्तुस्थिती आहे.

नव्या पिढीचा रस्ता थोडा बदलला आहे. २००४ मध्ये ठाणे-वाशी रेल्वेमार्ग सुरू झाला आणि डोंबिवलीच्या मुलींस ऐरोली, रबाळे, घणसोली जवळ आली. जेथे रसायनांचे कारखाने होते तेथे काचेच्या इमारती झाल्या, आणि मुली मुंबईऐवजी ठाण्यास उतरून दुसरी गाडी पकडू लागल्या. परदेशातील दिवस म्हणजे आपली रात्र. म्हणून तेथे रात्रीचे काम आले. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांस सायंकाळी सातनंतर कारखान्यात काम देण्यास मनाई केली होती. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने स्त्रीची संमती आणि तिच्या संरक्षणाची व येण्याजाण्याची व्यवस्था असल्यास रात्री साडेनऊनंतरही काम करण्यास मुभा दिली. कंपनीची गाडी रात्री दोन वाजता इमारतीखाली थांबते आणि शेजारच्या खिडकीचा पडदा हळूच सरकतो. शेजारणींस आमची विनंती एवढीच की, पडदा सरकविला असेल तर त्या मुलीस दार उघडेपर्यंत सोबत म्हणून सरकवावा.

गाडीचा उल्लेख झाला, तेव्हा महिलांच्या डब्याविषयी बोलल्यावाचून कसे चालेल? १९९२ साली पश्चिम रेल्वेवर आणि त्यापाठोपाठ मध्य रेल्वेवर केवळ स्त्रियांसाठी लोकल सुरू झाली. या डब्यात भाजी निवडली जाते, मटार सोलले जातात, नवरात्रात रंग ठरवून साड्या नेसल्या जातात, संक्रांतीस हळदीकुंकू होते. वर्तमानपत्रे याची छायाचित्रे मोठ्या कौतुकाने छापतात. आम्हांस त्या छायाचित्रांत दुसरे काही दिसते. तासा-सव्वा तासाच्या प्रवासातही जिच्या हातास विश्रांती नाही, तिच्या घरी त्या भाजीस दुसरा हात लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. सरकारने २०२४ साली केलेल्या वेळेच्या विनियोगाच्या पाहणीत असे आढळले की, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे जातात आणि घरकामात भाग घेणाऱ्या पुरुषांची ८८. शिवाय पुरुषांचा हा आकडा केवळ भाग घेणाऱ्यांचा आहे, हेही येथे उपस्थित बंधूंनी ध्यानात घ्यावे. त्याच डब्यात कानातली, रुमाल, टिकल्या, चिक्की विकणाऱ्या स्त्रियाही असतात. त्यांचेही घर उपनगरातच असते, त्याही सकाळच्या गाडीनेच निघतात. परंतु नोकरदार स्त्रियांची गणना करताना त्यांची आठवण कोणास होते?

येथून आम्ही विषयाच्या अशा भागाकडे वळतो, की जो आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. उपनगरातील एक स्त्री सकाळी आठची गाडी पकडते, तेव्हा तिच्यामागे आणखी किती स्त्रियांचे व्यवसाय उभे असतात? तिचे मूल पाळणाघरात आहे. ते पाळणाघर दुसऱ्या इमारतीतील एक मावशी आपल्या दोन खोल्यांत चालवितात. तिच्या पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून येतात; तेथे तीन-चार स्त्रिया ओट्याशी उभ्या राहून पोळ्या लाटीत असतात. डोंबिवलीत तर अशी केंद्रे गल्लोगल्ली आहेत. तिच्या साडीस फॉल-पिको करणारी, तिचे ब्लाऊज शिवणारी, मुलाची शिकवणी घेणारी, दिवाळीत चकल्या-अनारसे करून देणारी, सासूबाईंची दिवसा सोबत करणारी, धुणी-भांडी करणारी, या सर्व स्त्रिया त्याच दोन-चार किलोमीटरांत राहतात. एकीची नोकरी म्हणजे दहा जणींची कामे. परंतु पगारपत्रक एकीचेच असते.

या घरबसल्या व्यवसायांस कमी लेखू नये. १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला, तो लिज्जतचा उद्योग आज साऱ्या देशास ठाऊक आहे. भिजविलेले पीठ केंद्रातून न्यावयाचे, घरी लाटून वाळवावयाचे आणि पापड आणून द्यावयाचे, या पद्धतीत घर न सोडता स्त्री मालकीण झाली. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातील खानावळवाल्या स्त्रियांस एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि बँकेच्या कर्जाची वाट त्यांस मोकळी करून दिली. गिरणीकामगारास दोन वेळचे डबे घालणारी ती बाई तोपर्यंत सावकाराच्या दारात उभी राहत असे. कारण बँकेच्या दृष्टीने तिचा व्यवसायच नव्हता.

शब्दाचा महिमा किती असतो पाहा. १९७५ पासून देशात अंगणवाड्या सुरू झाल्या. अंगणवाडी-सेविका रोज ठरल्या वेळी जाते, मुलांस शिकविते, वजने घेते, नोंदवह्या भरते. तरी तिला मिळतो तो पगार नव्हे, ‘मानधन’. २००५ पासून आलेल्या ‘आशा’ कार्यकर्तीस तर कामागणिक मोबदला. शेवटी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी-सेविका व मदतनीस यांस उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क आहे असे सांगितले. घरकाम करणाऱ्या स्त्रियांसाठी महाराष्ट्रात २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा झाला. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईंची त्या मंडळात नोंद आहे काय, हे येथे जमलेल्या भगिनींपैकी किती जणींनी विचारले असेल? आपल्या पगारवाढीचा हिशेब आपण चोख ठेवतो. त्यांच्या पगारवाढीच्या वेळी मात्र आपल्यालाही महागाई आठवते.

आता हे सर्व आजच सांगण्याचे कारण. पुढील जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ अशी जाहीर झाली आहे आणि तीत जातीची नोंदही व्हावयाची आहे. गेल्या वर्षभरात आपल्या संस्थेच्या बैठकांत जातीच्या रकान्यात नेमके काय लिहावे, पोटजात लिहावी की न लिहावी, यावर तासन्‌तास चर्चा झाल्या. परिपत्रके निघाली. त्याच कागदावर कामाचाही प्रश्न असतो, यावर एक शब्दही कोणी काढला नाही. मागील जनगणनांत मोबदला मिळो वा न मिळो, आर्थिक उत्पादनाचे काम केले तर ते काम धरले जाई. घरच्या शेतीत वा घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाराही कामकरी मानला जाई. सहा महिने वा अधिक काम केले तर मुख्य कामकरी, त्याहून कमी तर सीमांतिक. केवळ घरकाम असेल तर मात्र बिनकामकरी. म्हणजे काज-बटण करणारी, पापड लाटणारी, गाळ्यावर बसून गिऱ्हाईक सांभाळणारी, शिकवणी घेणारी स्त्री त्या व्याख्येत पूर्णपणे बसत होती. बसत नव्हती ती घरच्यांच्या उत्तरात! दारात प्रगणक आला की उत्तर देतात घरचे पुरुष. ‘बाई काय करतात?’ ‘काही नाही, घरीच असतात.’ झाली नोंद. ज्या ब्लाऊजांच्या शिलाईतून मुलाची महाविद्यालयाची फी भरली गेली, ती शिलाई देशाच्या हिशेबात आलीच नाही. सरकारच्या योजना, कर्जाच्या सोयी, प्रशिक्षणाची केंद्रे या नोंदींवरूनच आखली जातात, हे व्यवहार जाणणाऱ्या आपल्या ज्ञातीस वेगळे सांगावयास नको.

म्हणून महिला शाखेच्या वतीने आम्ही तीन गोष्टी कार्यकारी मंडळापुढे मांडीत आहो. सभासद-सूचीच्या नव्या अर्जात ‘गृहिणी’ हा छापील शब्द नसावा. स्त्रीने स्वतःच्या अक्षरात आपले काम लिहावे, पुरुषांप्रमाणेच खुलासेवार. ‘पाळणाघर चालविते, आठ मुले’, ‘फॉल-पिको व शिलाई, घरी’, ‘शस्त्रक्रियागृहातील परिचारिका’ असे. ज्यांस केवळ घर सांभाळावयाचे आहे त्यांनी तसे लिहावे, त्यात उणेपणा नाही. परंतु ते त्यांनी लिहावे, घरातल्या दुसऱ्याने नव्हे. दुसरी गोष्ट अधिक खर्चाची आहे. हे सभागृह लग्नाच्या तिथी सोडल्या तर दिवसा कुलूपबंद असते. तळमजल्यावरील मागील दालन सकाळी सात ते रात्री आठ पाळणाघरास द्यावे. चालविण्यास आपल्याच ज्ञातीतील भगिनी तयार आहेत, त्यांस रीतसर वेतन द्यावे, मानधन नव्हे. भाड्याचे उत्पन्न बुडेल असा आक्षेप मागील बैठकीत खजिनदारांनी घेतला. तो हिशेब आम्ही केला आहे आणि कागद त्यांच्याकडे दिला आहे. लग्नाच्या तिथींस दालन रिकामे करून देण्याची तयारीही त्यात लिहिली आहे. तिसरी गोष्ट शिष्यवृत्तीची. अभियांत्रिकी व वैद्यक यांसाठी जी शिष्यवृत्ती आहे ती परिचर्येच्या अभ्यासक्रमास आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मुलींसही मिळावी.

या मागण्यांवर सायंकाळच्या सर्वसाधारण सभेत मत घेतले जाणार आहे. घटनेप्रमाणे मताचा अधिकार सभासदास आहे, आणि सभासदत्व बहुतेक घरांत पुरुषाच्या नावे आहे. ज्या भगिनी स्वतः कमावतात त्यांस स्वतःच्या नावे वर्गणी भरून सभासद होता येते; घटनेत तशी कोणतीही आडकाठी नाही. पावतीपुस्तक दाराजवळच्या मेजावर ठेवले आहे, आणि सभा चार वाजता आहे.